मिशिगनच्या सरकारी रानात गळ आणि बंदूक

मिशिगनमध्ये, नोव्हायला नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला सगळे जण काही ना काही सांगत असतात. ताजी मेथी कुठे मिळते, शाळा कुठली चांगली, बर्फातले टायर कधी घालायचे. मी त्यात एक भर घालते: मासेमारीचा परवाना काढा. समोरचा बहुतेक वेळा हसतो. त्याला वाटतं, मासेमारी म्हणजे ज्याचं तळ्याकाठी घर आहे, दारात होडी बांधलेली आहे, त्याचं काम.

तसं अजिबात नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसले आहे. माझ्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांत प्राउड लेक आहे, आयलंड लेक आहे, हायलंड आहे. तासाभरात पिंकनी आणि वॉटर्लू. हे सगळे राज्याचे 'रिक्रिएशन एरिया'. राज्याच्या मालकीची हजारो एकर झाडी, दलदल, तळी आणि ओढे, आणि त्यातल्या बऱ्याच भागात परवाना असलेल्या कुणालाही मासे धरता येतात, हंगामात शिकार करता येते. एकटं वॉटर्लू २० हजार एकरांवर आहे. मिशिगनचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं, इथे सगळे त्याला नुसतं डीएनआर म्हणतात, एकूण सुमारे ४६ लाख एकर जमीन सांभाळतं. त्यातली सुमारे ३९ लाख एकर उत्तरेकडची राज्य वनं. बाकीची उद्यानं आणि 'गेम एरिया', म्हणजे खास वन्यजीवांसाठी आणि शिकारीसाठी राखलेल्या जमिनी. अॅलेगनचा गेम एरिया ५० हजार एकरांचा आहे.

मी वेंगुर्ल्याकडची. आमच्या घरात मासा हा रोजचा विषय. काका खाडीत पाग टाकायचे आणि आम्ही मुलं काठावर पाटी घेऊन उभी. तरीही इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी गोठवलेल्या सुरमईवर काढली, कारण समोर दिसणारं पाणी कुणाचं आणि तिथे उभं राहिलं तर चालतं का, हे विचारायचं कुणाला तेच ठाऊक नव्हतं. शेजारच्या आजोबांनी ते कोडं सोडवलं. मोटारीच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस. स्वतःच्या मालकीची जमीन म्हणाल तर घरामागचं गवत, पण चाळीसेक वर्षं शिकार आणि मासेमारी केली ती सगळी सरकारी जमिनीवर. मला म्हणाले, ही जमीन तुझी जितकी आहे तितकीच माझी आहे, फक्त पुस्तिका वाचून ये. पुस्तिका म्हणजे डीएनआरचे त्या वर्षीचे नियम.

मी पहिला परवाना घेतला तेव्हा त्याला २६ डॉलर लागले होते. सतरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागतच नाही. व्हिसा कुठला, घर भाड्याचं की स्वतःचं, हे मासेमारीच्या परवान्याच्या आड येत नाही. आम्ही त्या वेळी भाड्याच्या घरात होतो, पासपोर्टवर शिक्के साठत होते आणि ग्रीन कार्डाची रांग हलत नव्हती. त्या दिवसांत राज्याने माझ्या नावाने दिलेला तो कागद मला फार मोलाचा वाटला. अजून वाटतो.

एवढी जमीन राज्याकडे आली कशी, हे कळल्यावर तर मला हे रान वेगळंच दिसायला लागलं. उत्तर मिशिगनचा मोठा भाग ओडावा आणि ओजिब्वे लोकांनी १८३६ च्या करारात दिला. देताना शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता, आणि त्यातला मासेमारीचा हक्क शाबूत आहे असं १९७९ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने मान्य केलं. मग आले लाकूड कापणारे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत देशाला सगळ्यात जास्त लाकूड मिशिगनने पुरवलं. पांढऱ्या पाइनचं जंगल उभंच्या उभं कापलं, ओंडके नद्यांतून वाहवत नेले, खाली पडलेला पाला-फांद्यांचा ढीग पेटत राहिला. कापून झालं तशा कंपन्या पुढे निघून गेल्या. उरलेली वाळूची जमीन स्वस्तात शेतकऱ्यांना विकली गेली. त्या वाळूत पीक कसलं येणार! माणसं कर भरू शकली नाहीत, आणि कर थकलेली जमीन राज्याकडे जमा होत गेली. १९०३ मध्ये हिगिन्स आणि ह्युटन तळ्यांच्या परिसरात पहिलं राखीव राज्य वन झालं ते अशाच नको असलेल्या जमिनीवर. आज तिथे पाइन, ओक, अॅस्पेन पुन्हा उभे आहेत. कुणाला नको होतं म्हणून सगळ्यांचं झालं. त्या जमिनीवर कष्ट करून हरलेल्या माणसांची मला मनापासून कणव येते.

ओंडक्यांचा आणखी एक वारसा आहे आणि गळ घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा. एकदा बॉल्डविनजवळ आम्ही नदीत उतरून, कमरेपर्यंत पाण्यात, प्रवाहाच्या दिशेने चाललो होतो. एका लाकडी बंगल्याच्या पायरीवरून एक गृहस्थ ओरडले, ही खाजगी जागा आहे, बाहेर व्हा. माझे पाय तिथेच थांबले. परक्या देशात असं कुणी ओरडलं की पोटात गोळा येतो. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, आम्ही पाण्यात आहोत, तुमच्या काठावर पाय ठेवलेला नाही, ठेवणारही नाही. आणि ते चालत राहिले. मीही त्यांच्या मागून गेले.

घरी येऊन मी शोधलं. १९२५-२६ ची गोष्ट. बॉल्डविनच्याच लेक काउंटीत पाइन नावाची नदी आहे. तिच्या दोन्ही काठांची जमीन कॉलिन्स यांची. गेरहार्ट नावाचा माणूस नदीतून चालत चालत मासे धरत त्यांच्या हद्दीत गेला. कॉलिन्सनी खटला भरला. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने गेरहार्टच्या बाजूने निकाल दिला: ज्या नदीतून ओंडके वाहून नेता येत होते ती नदी वाहतुकीला खुली, आणि अशा नदीत पाण्यातून चालत मासे धरण्याचा हक्क जनतेला आहे, तळाची जमीन कुणाचीही असो. काठावर मात्र मालकाची परवानगी लागते. म्हणजे ज्या नद्यांनी जंगलाचा नाश वाहून नेला, त्याच नद्या त्या कारणाने आज माझ्यासारखीला खुल्या आहेत. पुढे २००५ मध्ये याच न्यायालयाने महासरोवरांच्या किनाऱ्यावरून, नेहमीच्या भरल्या पाण्याच्या खुणेखालून चालण्याचा लोकांचा हक्कही मान्य केला. पाण्यावरची मालकी ही न्यायालयात भांडून ठरवून घ्यावी लागलेली गोष्ट आहे, आपोआप मिळालेली नाही, एवढं आपल्या लोकांना कळावं असं मला फार वाटतं.

आता मेसन ट्रॅक्टबद्दल. मी मोटारीच्या धंद्यात आहे, त्यामुळे ही जागा मला जवळची. जॉर्ज मेसन हे नॅश-केल्व्हिनेटर या मोटार कंपनीचे प्रमुख, १९५४ मध्ये अमेरिकन मोटर्स उभी राहिली तेव्हा तिचेही पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी ते गेले. ऑ सेबल नदीच्या दक्षिण शाखेवरची आपली सुमारे १,५०० एकर जमीन त्यांनी राज्याला लिहून दिली, ती जमीन कायम रानच राहील या अटीवर. राज्याने पुढे आजूबाजूची जमीन जोडत ती सुमारे ४,५०० एकरांवर नेली. तिथे नदीकाठी एक लहानसं उघडं प्रार्थनास्थळ आहे, कोळ्यांसाठी बांधलेलं. बाकी नदी आणि देवदारासारखी काळीशी झाडं. ट्राउट मासा तिथे फक्त फ्लायने, म्हणजे पिसादोऱ्यांच्या नकली किड्याने धरायचा आणि लगेच सोडून द्यायचा, असा त्या पट्ट्याचा नियम.

धरून सोडायचा हा प्रकार माझ्या आईला अजून पटलेला नाही. मलाही मनापासून भावतो असं नाही. पण तिथल्या थंड पाण्यात हात बुडवून तो मासा सोडताना, त्याच्या अंगावरचे लाल ठिपके बोटांखालून निसटताना मी पाहिले आहेत. या नद्यांत एकेकाळी ग्रेलिंग नावाचा मासा इतका होता की गावाचं नाव त्याच्यावरून पडलं. ओंडक्यांनी नदीचा तळ खरवडला, काठावरची सावली गेली, आणि १९३० च्या दशकात तो मिशिगनमधून नाहीसा झाला. गाव ग्रेलिंग अजून आहे. त्यामुळे त्या पट्ट्यात मी नियम मुकाट पाळते आणि खायचा मासा दुसरीकडे धरते.

दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा वॉटर्लूमधल्या तळ्यांवर, ब्लूगिल आणि पर्चसाठी. मेच्या शेवटी पाणी जरा कोमट झालं की ब्लूगिलचे नर उथळ पाण्यात, खडीवर, शेपटीने बशीएवढे खळगे करतात. एकाला एक लागून असे खळगेच खळगे. काठावर नीट उभं राहिलं, सूर्य पाठीशी असला, पोलराइड चष्मा डोळ्यांवर असला, की तळाचे फिकट गोल दिसतात आणि प्रत्येक गोलावर एक काळपट मासा पहारा देत घुटमळताना दिसतो. छोटा गळ, त्यावर गांडुळाचा अर्धा तुकडा, वर पाण्यावर तरंगणारा बोराएवढा बुडबुड्या. बुडबुड्या आधी थरथरतो, मग आडवा सरकतो, मग गडप. तो आडवा सरकला की ओढायचं. गडप होईपर्यंत थांबलात तर गळ माशाच्या घशात जातो आणि लहान मासा सोडायचा म्हटला तरी जगत नाही. दिवसाला माणशी २५ ची मर्यादा आहे. मी घरापुरते घेते आणि खळग्यावरचे सगळ्यात मोठे नर सोडते, कारण पिल्लांची राखण तेच करतात.

आई इथे आली तेव्हा तिच्यासाठी एका दिवसाचा परवाना काढला, १० डॉलरचा. ती बिग पोर्टेज तळ्याच्या काठावर नऊवारीवर स्वेटर घालून उभी. बराच वेळ पाण्याकडे बघून तिने विचारलं, "ह्यां तळां कोणाचां गो?"

"सरकारचां."

"आणि माशे पकडूक देतत? आमच्याकडे तळ्याचो ठेको दितत. ठेकेदार काठार उभ्यां रवाक देणा नाय."

तिचं खरं होतं. आपल्याकडे धरणांची आणि तलावांची मासेमारी ठेक्याने जाते, बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे. त्यामागे कारण आहे: तिथे मासा हे पोट आहे, इथे बहुतेकांच्या दृष्टीने हौस. मी आईला म्हटलं, इथला कायदा उलटा आहे, धरलेला हा मासा विकता येत नाही, खायचा किंवा वाटायचा. तिने मान हलवली आणि पुढच्या तासाभरात माझ्यापेक्षा जास्त मासे काढले. घरी चमच्याने खवले काढून, रवा लावून, खोबरेल तेलात तळले. पर्चची चव तिला मुडदुश्यासारखी लागली. इथले लोक दोन्ही बाजूंच्या कापा काढून काटा आणि डोकं टाकून देतात, ते पाहून ती अस्वस्थ झाली. डोक्यांची तिने तिरफळ घालून आमटी केली.

त्या आमटीवरूनच एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. मासा दिसला, धरला, खाल्ला, असं मिशिगनमध्ये करू नका. २०१८ च्या ऑगस्टमध्ये राज्याने ह्युरॉन नदीतला मासा खाऊ नका असं जाहीर केलं. मिलफर्ड, अॅन आर्बर या आपल्या वस्त्यांमधून आणि ब्रायटनजवळून वाहणारी नदी ती, आणि आयलंड लेकमध्ये जे केंट तळं पसरलंय तेही तिचंच पाणी. कारण पीएफओएस नावाचं रसायन, धातूला मुलामा देण्याच्या कामातून पाण्यात उतरलेलं. ही रसायनं आणि पारा माशाच्या मांसात मुरतात, कातडी सोलून किंवा चरबी काढून जात नाहीत. पीसीबी ही दुसरी घातक रसायनं चरबीत साठतात, तेवढे कमी करता येतात, आणि डोक्यात-कातडीखाली चरबी जास्त असते. राज्याचं आरोग्य खातं कुठल्या पाण्यातला कुठला मासा महिन्यात किती वेळा खावा याची पुस्तिका काढतं. ती बदलत राहते, म्हणून चालू वर्षाचीच पाहा, लहान मुलं आणि गरोदर बायका घरात असतील तर नक्की पाहा. मी प्राउड लेकला एप्रिलमध्ये जाते, राज्य तिथे ह्युरॉनमध्ये ट्राउट सोडतं तेव्हा, पण फक्त फ्लाय फेकायला. त्या नदीचा मासा मी घरी आणत नाही. ही नदी अशी झाली याचा मला संताप आहे. जमीन सार्वजनिक राखली, हक्क न्यायालयातून मिळवला, आणि पाण्यात मात्र विष येऊ दिलं.

शिकारीकडे मी उशिरा वळले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे. जंगल आक्रसलेलं, माणसं वाढलेली, उरलेलं जनावर वाचवायचं तर दुसरा मार्ग नव्हता. इथली स्थिती निराळी आहे. मिशिगनमध्ये सुमारे २० लाख हरणं आहेत. दक्षिण भागात त्यांना खाणारे लांडगे नाहीत. हरणं आणि गाड्या यांच्या टकरी वर्षाला ५० हजारांहून अधिक होतात. आमच्या गल्लीतही एक हरीण रस्त्याकडेला पाय मोडून पडलेलं मी पाहिलं आहे, आणि ते मरण फार वाईट होतं. २०१५ मध्ये इंगम काउंटीत रानातल्या हरणात सीडब्ल्यूडी हा मेंदूचा जीवघेणा रोग सापडला. दाटीने राहणाऱ्या कळपात तो पसरतो, म्हणून २०१९ पासून खालच्या, म्हणजे राज्याच्या दक्षिणेकडच्या, द्वीपकल्पात हरणांना खाद्य टाकून जमवायलाही बंदी आहे.

तर मुलगी चौदाची झाली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम केला. १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा नेहमीचा परवाना घ्यायचा तर तो करावा लागतो. बंदुकीची नळी नेहमी कुठे रोखलेली हवी, निशाणामागे काय आहे हे पाहिल्याशिवाय चाप ओढायचा नाही, वस्तीच्या घरापासून ४५० फुटांच्या आत परवानगीशिवाय बार काढायचा नाही. शिकवणारे सगळे स्वयंसेवक होते. व्हिसावर असलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: एच-१ सारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, राज्याचा वैध शिकारीचा परवाना हातात असेल तर अपवाद. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत बंदुकीला हात लावला नाही, आणि माझा सल्लाही हाच की वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हरणाचा बंदुकीचा हंगाम दरवर्षी १५ नोव्हेंबरला उघडतो, वार कुठलाही असो. उत्तरेकडे काही शाळांना त्या दिवशी सुट्टी असते. आम्ही अंधारात वॉटर्लूच्या मातीच्या वाहनतळावर पोचलो तेव्हा आधीच पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. सरकारी रानात जागेवर कुणाचा मालकी हक्क नसतो. आदल्या दिवशी कुणी मचाण लावून ठेवलं असलं तरी त्या ओकखाली आधी येऊन जो बसेल तो बसेल. तरी लोक एकमेकांना हात करतात, कुठे जाणार ते विचारतात आणि लांब लांब पांगतात. सगळ्यांच्या अंगावर भडक नारिंगी जाकीट. अंगावर तो रंग कायद्याने लागतो.

आजोबा आणि मी दलदलीच्या कडेच्या एका उंचवट्यावर ओकच्या बुंध्याला टेकून बसलो. थंडीने पायाची बोटं बधिरली होती. उजाडल्यावर बऱ्याच वेळाने एक मादी एकटी, ओकची फळं हुंगत खालून आली. पन्नासेक पावलांवर माझ्याकडे कूस करून आडवी उभी राहिली. माझी बंदूक २० गेजची. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात, इतकं वर्गात घोटलं होतं की मन रिकामं झालं तरी डोळा तिथेच गेला. बार झाल्यावर ती उडाली, थोडी धावली आणि झुडपात पडल्याचा आवाज आला. आजोबांनी घड्याळ दाखवून थांबायला सांगितलं. मी रडले, ते काही बोलले नाहीत.

मग काम. हरणाचं पोट उघडताना सुरी उलटी धरायची, पातं वर, दोन बोटं पात्याच्या दोन्ही बाजूंनी आत घालून आतडी खाली दाबत पुढे सरकायचं. मूत्राशयाला धक्का लागू द्यायचा नाही. थंडीत वाफ निघाली आणि माझे गारठलेले हात मनगटापर्यंत गरम झाले. मासा साफ करण्यात लहानपण गेलं असल्याने रक्ताचं भय नव्हतं, पण इतकं मोठं हृदय हातात कधी घेतलं नव्हतं. परवान्याबरोबरची चिठ्ठी तिथेच बांधायची, ७२ तासांत डीएनआरला शिकारीची नोंद ऑनलाइन द्यायची. आम्ही डोकं सीडब्ल्यूडीच्या तपासणीला दिलं आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवलं. हरणाच्या मटणाला चरबी फार कमी असते, त्यामुळे मोठ्या आचेवर ते वातड होतं. मांडीचे तुकडे दह्यात आणि आल्या-लसणात रात्रभर ठेवून, मालवणी मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात मंद शिजवले तर उत्तम सुकं होतं.

एका स्नेह्यांनी मला विचारलं, हरणाला मारवतं कसं? मी त्यांना खरं तेच सांगितलं: जड जातं, आणि जड गेलंच पाहिजे. त्या हरणाने आयुष्य रानात काढलं. मी त्याचा प्रत्येक तुकडा कुठून आला हे जाणते. दुकानातल्या कोंबडीबद्दल मला हे म्हणता येत नाही. ते शाकाहारी आहेत, त्यांना पटलं नाही, आणि त्यांच्या मताचा मी आदर करते.

हे सगळं चालतं कशावर? बऱ्याच जणांना वाटतं, सगळ्यांच्या आयकरातून. मोठा वाटा परवान्याच्या पैशांचा आहे. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी वाटला जातो. १९५० मध्ये मासेमारीच्या साहित्यावरचा करही तसाच राज्यांना माशांच्या कामासाठी मिळू लागला, त्या कायद्याला मिशिगनच्याच जॉन डिंगेल यांचं नाव आहे. माझ्या गळामागे, बुडबुड्यामागे, रिळामागे तो कर आहे. आणि १९७६ मध्ये राज्याच्या जमिनीखालून निघणाऱ्या तेल-वायूच्या स्वामित्वधनातून एक विश्वस्त निधी उभा राहिला. पिजन रिव्हरच्या वनात तेल काढायचं की नाही यावर मोठं भांडण झालं, त्यातून ही वाट निघाली: तेल निघालं तर त्या पैशातून लोकांसाठी जमीन घ्या. १९८४ मध्ये मतदारांनी तो निधी राज्यघटनेतच घातला, म्हणजे कुणी सहज हात घालू नये. हे कळल्यापासून मी गळ विकत घेताना किमतीची घासाघीस करत नाही.

नोव्हेंबरमध्ये रानात नुसतं फिरायला जाणाऱ्यांनीही नारिंगी टोपी घालावी. आपल्या मंडळींचे मोठे गट पानगळ बघायला उशिरापर्यंत येतात, गडद कपड्यांत, लहान मुलं पुढे धावत. १५ ते ३० नोव्हेंबर या दिवसांत तसं करू नका. टोपी पाच-सात डॉलरला मिळते. आणि वापरलेला नायलॉन दोरा काठावर टाकू नका. तो पक्ष्यांच्या पायात गुंतलेला मी कात्रीने कापला आहे.

आता माझी एक मागणी. राज्याने तळ्यांवर होड्या उतरवायच्या हजारावर जागा बांधल्या आहेत. छान आहेत, सिमेंटचा उतार, वाहनतळ, सगळं आहे. पण ते होडीवाल्यांसाठी. दक्षिण मिशिगनमध्ये तळ्याकाठची बहुतेक जमीन खाजगी आहे, त्यामुळे ज्याच्याकडे होडी नाही त्याला त्या उताराच्या बाजूच्या दहा-वीस फुटांत कोंबून उभं राहावं लागतं. आईसारख्या म्हाताऱ्या माणसाला तर तिथे बसायलाही जागा नसते. अपार्टमेंटमध्ये राहणारे, नव्याने आलेले, हे सगळे काठावरून मासे धरणारे. आम्हाला होडीचा उतार नको, पाण्यात थोडा पुढे गेलेला लाकडी धक्का हवा, कठडा असलेला, व्हीलचेअर जाईल असा रुंद. काही ठिकाणी आहेत, आणि शनिवारी सकाळी तिथे बघा, पाच भाषा ऐकू येतात. नॅचरल रिसोर्सेस कमिशन, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम ठरवणारं राज्याचं मंडळ, त्याच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, नाव नोंदवलं की कुणालाही बोलता येतं, नागरिकत्व कुणी विचारत नाही. मी धक्क्यांबद्दल तिथे बोलणार आहे. नोव्हाय, कॅन्टन, ट्रॉयमधून आणखी कुणी बरोबर येणार असेल तर खाली लिहा, कुठल्या तळ्यावर धक्का हवा तेही लिहा. नुसतं 'हवेत' म्हणून चालत नाही, तळ्याचं नाव आणि काठाची जागा लागते.